जुनिपर, मिडलहॅम

मालक म्हणाले, आळशी झालीय.
ओल्डरॉइड दोरी धरून फरसबंदीवर दुडकत जातो,
मागे ती.
मी डोळे मिटते. आधी ऐकायचं.
टप् टप् टप्, आणि एक टाप
चोरून टाकलेली.
डोळे उघडते: पुढचा डावा टेकला
की मान वर जाते,
तव्यावरून बोट उचलावं तशी.

खुरावरच्या खळग्यात नाडी धरते.
ठणकतेय.
चिमटा तळव्यावरून सरकवते, टाचेकडून पुढे.
पुढच्या टोकाशी ती पाय हिसकते.
"तिथंच ना?" म्हातारा विचारतो.
मी अजून हो म्हणत नाही.

सुई. मग दहा मिनिटं थांबणं.
माळावरून मेंढ्यांचा वास येतो,
कपातला चहा निवतो.
डावा खूर आता बधिर.
"पळव."
आणि जुनिपर
उजव्या पायाने लंगडते.

एक गप्प झालं
तेव्हा दुसऱ्याला तोंड फुटलं.

एक्स-रेत दोन्ही खुरांतल्या हाडांच्या कडा
उंदराने कुरतडलेल्या भाकरीसारख्या.
(अशा कडा घेऊन मजेत धावणारेही
पाहिलेत मी. म्हणून फोटो शेवटी.)
रुंद नाल, खाली कातडी तळ,
उन्हाळाभर कडक जमीन बंद,
मी लिहून देते.

ओल्डरॉइड कागद न वाचताच खिशात घालतो.
"आळशी मीही म्हणालो होतो," म्हणतो,
मला नाही, तिच्या कानाशी.
मग तबेल्याकडे नेतो तिला
अंगणाच्या कडेकडेने:
स्वतः दगडांवरून,
तिला गवतावरून.