भोकाची भाकरी

तपासणीच्या दिवशी हेन्ना नर्स काट्याकडे बघून
काहीच बोलली नाही. नुसतं पेन टकटक.
मग म्हणाली, ‘तुइया, तुझ्या क्रेनची खुर्ची किती रुंद आहे?’
‘तीच आहे,’ मी म्हटलं, ‘एकोणीस वर्षं.’
‘मग वाढलंय ते कोण?’

कोट्काच्या बंदरात चाळीस मीटर उंच बसून मी
अख्खी जहाजं रिकामी करते.
तीस टनांचा डबा ट्रकवर असा टेकवते
की ड्रायव्हरच्या कपातली कॉफी हलत नाही.
आणि मला अकरा किलो उतरवता येत नाहीत.

तेव्हापासून पाकिटांच्या पाठी वाचू लागले.
पुढून सगळीच हसरी,
खरं काय ते मागे, मुंगीच्या अक्षरांत.

पहिला पाव : एका कापात एकोणचाळीस कॅलरी.
काप कसला, त्यातून समोरच्या इमारतीचा जिना दिसत होता.
तोंडात ठेवला, विरघळला,
तोंडाला पानं पुसून गेला.
दुसरा प्रोटीनचा. ओट्यावरून निसटला तो
उसळून माझ्याकडेच परत आला.
तांदळाच्या फुगीर चकत्या मी
पार्सलमधल्या थर्माकोलशेजारी ठेवून पाहिल्या.
थर्माकोलला मीठ थोडं कमी, एवढंच.
बिनसाखरेचा दालचिनी रोल
अर्धा खाल्ला, अर्धा सीगलला टाकला.
त्याने माझ्याकडे पाहिलं, मग रोलकडे,
मग उडून गेला.
सीगल! जो डिझेल लागलेली दोरीसुद्धा
चाखल्याशिवाय सोडत नाही.

खरं सांगू? मला गोडाची हाव नव्हतीच.
मला दातांना कुणीतरी उलट उत्तर देणारं हवं होतं.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी, बाजारचौकात,
मासळीच्या गाडीशेजारी ओस्मो उभा होता,
काठीला ओवलेल्या भाकऱ्या घेऊन.
काळपट, पातळ, मधोमध भोक.
‘पूर्वी छताखाली दांडीला टांगायचे,’ म्हणाला,
‘उंदरांचा हात पोचू नये म्हणून.’
मी विचारलं, ‘कॅलरी किती?’
‘भोकात शून्य,’ ओस्मो म्हणाला.
‘बाकीचं माहीत नाही.
एक घास चावून होईपर्यंत
या मासळीवाल्याची एक थाप सांगून होते, एवढं ठाऊक आहे.’
मासळीवाला म्हणाला, ‘लहान थाप.’

राय धान्याचं पीठ, पाणी, मीठ
आणि बरणीतलं सोळा वर्षांचं विरजण.
माझ्या उत्साहावर आजवर बरीच विरजणं पडली.
हे पहिलंच, ज्याला चव होती.

घरी काट्यावर ठेवून पाहिलं : पाव भाकरी, बावीस ग्रॅम.
गणित केलं. पुन्हा केलं. सत्तर-पंचाहत्तर.
वर घट्ट दह्याचा हात फिरवला, काकडी, शेपूची चार पानं.
जबडा दुखेपर्यंत खाल्लं
आणि पाकिटाची पाठ शोधायला उठले,
तर पाकीटच नव्हतं.

सोमवारी केबिनमध्ये पहिला तुकडा मोडला,
रेडिओचं बटण दाबलेलं राहिलंय हे विसरून.
कडाऽऽक!
खालून यार्क्को ओरडला, ‘थांबा! सगळे थांबा!
तुइया, वर काय तुटलं?’
आख्खा धक्का गोठला. ट्रक थांबले.
डबा हवेत, माझ्या तोंडात घास,
आणि तो घास काही लवकर संपणारा नव्हता.
‘तुइया? ऐकतेस ना? तुइया!’
मी चावत राहिले. दुसरं करणार काय?
शेवटी गिळलं आणि म्हटलं, ‘नाश्ता.’

रेडिओवर बराच वेळ नुसती खरखर.
मग कुणीतरी हसलं,
मग सगळेच.

मार्चमध्ये हेन्नाकडे गेले. साडेचार किलो कमी.
अकरा म्हटले होते, तिने आठवण करून दिली,
पण या वेळी पेन वाजवलं नाही.
खुर्ची अजून तशीच घट्ट आहे.
सीगल मात्र चुऱ्यासाठी खिडकीशी येतो,
म्हणजे त्याने माफ केलं असावं.

शनिवारी आता मी दोन भाकऱ्या घेते.
दुसरी यार्क्कोची.
पैसे तो अजून देत नाही.