शुक्रवारी उशिरा, कमी दाबाने

गुरुवारी पाणी बंद, म्हणून
रोल धुवायचा राहिला.
दत्तवाडीतल्या बाथरूमच्या झरोक्याला काळा चार्टपेपर,
बादलीत थर्मामीटर,
कट्ट्यावर हायपोची बाटली, तिच्यावर आईच्या अक्षरात
‘पिऊ नये’.
सगळी तयारी. नळ तेवढा फुसफुसला
आणि गप्प झाला.

मग दिवसभर तो रोल फ्रिजमध्ये
लोणच्याच्या बरणीशेजारी बसून होता,
एवढ्याशा डबीत छत्तीस जणांचं बिऱ्हाड.
दूध काढायला दार उघडलं की
मी ते उगाच हळू लावायचे.

एका फ्रेमचे पंचवीस रुपये पडतात.
म्हणजे दोन चहा.
म्हणून मी माणसाकडे
दोन चहा संपेपर्यंत बघते.

चांप्याला मोहित देवांगन कोसा विणत होते.
माग थांबवून म्हणाले, रुकिए, दाँत लगा लूँ.
आत गेले. आतून भांडं पडल्याचा आवाज.
आले ते नवरदेवासारखे.
संबलपूरच्या अलीकडे पंक्चर काढणारी सुकांती
काळे हात पाठीमागे धरून उभी राहिली,
मी म्हटलं, हातच तर हवेत.
तिला हिंदी कमी, मला उडिया शून्य,
पण हात पुढे आले.
खुर्दा रोडला एक हमाल स्वतःच्याच हातगाडीवर झोपलेला,
त्याच्या तळपायावर ऊन चढेपर्यंत
मी माझी गाडी जाऊ दिली.

सगळे एकच विचारायचे : पाठवाल ना?
मी वही पुढे करायचे.
पत्त्यांत पिंपळ होते, पाण्याच्या टाक्या होत्या,
‘शाळेच्या मागे, कुणालाही विचारा’ होतं.

आणि छत्तिसावी फ्रेम इथली, आमच्या जिन्याखालची :
भिकोबा इस्त्रीवाले.
बावीस वर्षं रोज दिसतात, म्हणून कधी काढलाच नव्हता.
रोल गुंडाळला तेव्हा बोटांना जोरच लागला नाही.
मी म्हटलं, वा, काय मक्खन.

शुक्रवारी पाणी आलं,
उशिरा, कमी दाबाने, छापून आल्याप्रमाणे.
करंगळीएवढ्या धारेखाली फिल्म उलगडली.
स्वच्छ.
काचेसारखी, उपासाच्या पोटासारखी स्वच्छ.
कडेला मात्र कारखान्यातून आलेले आकडे,
एक ते छत्तीस, एकही न चुकता.
रोल पहिल्याच दिवशी सुटला होता.
सतरा दिवस कॅमेरा नुसता
हो हो म्हणत होता.

तरी मी ती वाळत घातली,
बाबांच्या बनियनशेजारी, खाली चिमटा लावून.
तिच्यातून पलीकडच्या गच्चीवरचे पापड दिसत होते
आणि पर्वतीचा थोडासा चढ.
आई म्हणाली, छान आलेत?
मी म्हटलं, वाळू दे.

संध्याकाळी भिकोबांनीच विचारलं, आला का?
नाही आला, सगळाच रोल गेला.
त्यांनी इस्त्रीतले कोळसे हलवले. म्हणाले,
त्या दिवशी अंगात शर्ट होता तो
खासगीवाल्यांचा, मोतिया. द्यायच्या आधी तासभर घातला होता.
ते तर गेले आता बावधनला.
मग गठ्ठ्यातली एकेक घडी
बोटाने उचकून बघू लागले.
तुमच्या बाबांचा आहे एक, म्हणाले,
पण खांद्यात बसायचा नाही.

रात्री मोहितजींना कार्ड लिहायला बसले.
फोटो आला नाही, एवढंच लिहायचं होतं.
लिहिलं ते असं :
तुम्ही बाहेर आलात तेव्हा उजव्या कानामागे
रेशमाचा एक तुकडा अडकला होता, सोनेरी,
तो काढायला सांगावं की नाही, या विचारात
माझे दोन चहा संपले.
कार्डावर जागा उरली नाही.
क्षमा मागायची राहिली.

वहीत अजून चौतीस पत्ते.
नवा रोल भरला आहे, या वेळी
दिव्याखाली धरून,
भोकांत दाते बसेपर्यंत.
रुकिए, म्हटलं मी कॅमेऱ्याला.