वीतभर नळी

अशोक चौकातनं निघालेली फियाट
जोडभावी पेठ येईस्तोवर
डावीकडं ओढायला लागली.
पुढं जायचं तिच्या मनात नव्हतं
आणि ब्रेकवर तर माझा पाय नव्हता.

मौलाली मिस्त्रीनं आधी चहा संपवला.
मग उकिडवा बसून पालथा हात
एकेका ड्रमजवळ नेला, न टेकवता,
भाकरीआधी तवा बघतात तसा.
"तीन गार. हे एकच पेटलंय."

जॅक लावला. चाक हलेना.
"आता निपल सोडतो. चाक सुटलं
तर गुन्हा दाबाचा.
नाही सुटलं तर पिस्टन गंजलाय,
नाहीतर स्प्रिंग मेलीय."
पाना अर्धा आटा फिरला,
चहाच्या रंगाचं तेल त्याच्या बनियनवर उडालं,
आणि चाक एका बोटानं फिरलं.

मी म्हटलं, मास्टर सिलिंडर. नवा आणतो.
"थांब की बे. मास्टरचं दुखणं असतं
तर एकटं हेच चाक कशाला रुसलं असतं?"

रबरी नळी काढली. वीतभर.
कुठं चीर नाही, फुगवटा नाही.
नायनांनी बसवलेली
(वडिलांना आम्ही नायना म्हणतो).
मिस्त्रीनं ब्लेडनं ती उभी फाडली.
आतून सुजून सुजून
सुईच्या नेढ्याएवढी वाट उरलेली.

"जाताना पायाचा जोर असतो, तेल घुसतं.
परत यायला कुणाचा जोर नसतो.
ते आपसूक यावं लागतं."

लूम भंगारात घातले त्या मेपासून
नायना माझ्याशी बोलले नाहीत. दोन वर्षं.
घर बाहेरून धड होतं.
ताटं एकाच वेळी वाढली जायची,
पेपरची मधली पानं ते माझ्यासाठी
घडी घालून ठेवायचे.
शेंगाचटणीची वाटी तेवढी
दोघांच्या मध्ये, हात न लागलेली.
मग दवाखाना, मग रुपाभवानीजवळचं स्मशान.

नवी नळी एकशे ऐंशीला मिळाली.
मी सीटवर, मिस्त्री गाडीखाली.
"मार. मार. मार. धर."
खालच्या बाटलीत बुडबुडे आले असावेत.
"आता सोड."

पत्र्याच्या शेडवर ऊन कडकडत होतं.
पलीकडं कुणाचातरी लूम चालू होता,
खटक, खटक, जाऊन येत, जाऊन येत.

"सोड की बे! कवाचं सांगतोय,
निपल कसलाय मी."

मग तो बाहेर आला, हात पुसत.
"आणि मडगार्डवर उडालेलं तेल
आत्ताच पाण्यानं धू.
रंग खातं ते."