उरलेले नट

जानराव मिस्त्री इंजन खोलून पुन्हा बांधतो
तेव्हा चिंधीवर दोन-तीन नट उरतातच.
"चालते नं याच्याबिना," म्हणतो,
आणि अंगणात ट्रॅक्टर खरंच धडधडतो.

पारव्याच्या शाळेतून मी सतरा नाकांचे नमुने आणले,
एक शिंक थेट माझ्या चष्म्यावर.
नागपूरहून उत्तर आलं: साधी सर्दी.
जुनाच विषाणू, दोनशे एकोणतीस ई.

काचेच्या बशीत वर्षानुवर्षं पोसलेला
त्याचा एक भाऊ आहे,
त्याचं चौथं जनुक मधोमध तुटलेलं.
तरी मजेत वाढतो.
बशीत त्याला अडवायला कोण असतं?
सहायक जनुक, म्हणतात पुस्तकात. म्हणजे वरकड.

पण जानरावच्या आचलच्या शेंबडात
तेच जनुक अख्खं निघालं,
या टोकापासून त्या टोकापर्यंत.
नेमकं काय करतं, त्यावर अजून वाद आहे.

जानरावला सांगितलं.
तो हात पुसत राहिला, बराच वेळ.
"अंगणात काय समजते, मॅडम.
ओल्या काळ्या रानात
नांगर लावला का मंग समजते."

चिंधी उलगडून त्यानं नट मोजले.
एक कमी.

आचलनं बाहीला नाक पुसलं,
दुसरी मूठ
घट्ट मिटलेली.