मागची रांग

"तू गाऊलालीस की भांडूलालीस गं?"
फिलोमिना कानाशी येऊन विचारते, हसते,
आणि माझ्या वहीवर बोट ठेवते :
इथून हळू.

एकतीस वर्षं मी हळू बोललेच नाही.
वडगावात आमच्या बोळात सहा माग,
भिंतीपलीकडे आणखी आठ.
भरमूला दूध प्यायला बोलवायचं तरी
बांधावरून हाक मारावी तसं.
मयतीच्या घरी गेले तर
बायका मान वळवून बघायच्या,
माझं सांत्वनसुद्धा चार घरांना ऐकू जायचं.

दर गुरुवारी सातला, शाळेच्या हॉलात.
दानम्मा टीचरनी विचारलं, आधी कधी गायलाय?
चौथीत, म्हटलं. प्रार्थनेला.
तेव्हाचे गुरुजी म्हणाले होते,
तू नुसते ओठ हलव.
हे मात्र सांगितलं नाही.

मला मागच्या रांगेत उभं केलं.
मागाच्या रांगेतून मागच्या रांगेत,
एक काना तेवढा गेला.
कान म्हणाल तर दोन्ही, थोडे थोडे.

पहिलं गाणं कन्नड निघालं.
ती गोल अक्षरं मला
बसच्या पाटीपुरतीच येतात.
देवनागरीत उतरवून घेतलं.
ळ-ला ळ सापडला, जीव भांड्यात पडला.
त्यांच्या आखूड ए-ला आमच्यात चिन्ह नाही,
त्याच्या डोक्यावर एक फुली मारली.
पण खरं सांगू, वही फारशी लागलीच नाही.
मागांच्या गोंगाटात आम्ही बायका
ओठ बघून बोलतो. दोन्ही भाषांत.
कुणाला दिवस गेलेत, कुणाचा हप्ता थकलाय,
मालक आला, गप्प.
टीचरचे ओठ मला शेवटच्या रांगेतून
लख्ख दिसतात.

सूर मेला ओठावर दिसत नाही.
पेटीची काळी दोन दाबून त्या थांबतात,
मी अंदाजानं उडी मारते,
कधी पायरीच्या अलीकडे,
कधी थेट अंगणात.

दातांचे डॉक्टर आहेत एक, माझ्या पुढे उभे राहतात.
म्हणाले, तुम्ही विणकाम करता,
तुम्हाला सोपं आहे, सूरही विणायचेच की.
मी मान हलवली.
माग जवळून पाहिला नसावा बिचाऱ्यांनी.
मागावर एक धागा तुटला
की खटका पडतो, सगळं थांबतं,
आणि तुटलं कुठं ते शोधत
तू एकटी वाकून उभी.

तिसऱ्या गुरुवारी
एका लांबलचक आकारात माझा श्वास संपला.
तोंड उघडं, आवाज नाही.
मी खटक्याची वाट बघत राहिले.
काहीच थांबलं नाही.
आकार चालूच, फिलोमिनाकडून
त्या पोस्टातल्या देसूरकरांकडे,
माझ्या डोक्यावरून, मी नसल्यासारखा
आणि असल्यासारखाही.

टीचर नंतर म्हणाल्या, अर्धं कन्नड, अर्धं मराठी :
सगळ्यांनी एकदम श्वास घ्यायचा नाही.
शेजारीण गाते तेव्हा तू घे.
गुपचूप थांब, गुपचूप परत ये.
कुणाला कळत नाही.

घरी येऊन भरमूला सांगितलं.
तो मोबाईल बघत म्हणाला, बरं.

मग आठवत बसले,
तापात, पोटात तो असताना,
सासू गेली त्याच्या चौदाव्या दिवशी सकाळी,
माझ्या वाटणीचं कुणी धरून ठेवलं होतं का.
एकदा. शांतव्वानं. दीड तास.
तिच्या मागावर तेव्हा लिंबूरंगी साडी होती,
माझ्यावर जांभळी.
दोन्हींत फिरत होती ती.

कार्यक्रमाला भरमू आला,
शेवटच्या खुर्चीवर बसला.
परतताना स्कूटरवर काहीतरी बोलला.
काय? मी ओरडले.
पुन्हा बोलला. वाऱ्यात गेलं.
नाथ पै सर्कलच्या अलीकडे
त्यानं गाडी बाजूला घेतली, मागं वळला,
आणि नुसते ओठ हलवून म्हणाला :
तुझा आवाज वेगळा
काय ऐकूच आला नाही बघ.