शेवटचं अक्षर

पानाय बेटावर, नदीच्या मुखाशी
बुलावाननं एकदा आख्ख्या गावाचा ताप उतरवला.
आल्याचा रस, कोंबड्याचं रक्त, रात्रभर झांज.
बुलावाननं होडीच्या फटीत राळ भरली,
दोन अनाथ पोरं वाढवली,
केसांत पितळी कंगवा खोचला.

इथवर निभावलं.
नावाला 'नं' चिकटवला की माझी मराठी
फार चौकशी करत नाही.
पण पुढच्या ओळीत बुलावानला देवळात न्यायचंय
आणि क्रियापद उंबऱ्यातच हात आडवा घालतं:
गेला? गेली?

त्या बोलीत एकच शब्द होता, सिया.
आई सिया, बाप सिया,
वादळातून न परतलेलं माणूस सिया.

पाद्री लांबून आलेला, घामाघूम.
त्याच्या पायाची खरूजही बुलावाननंच बरी केलेली
हळद लावून.
डोक्यावर पाणी ओतलं, टाक बुडवला,
फ्रान्सिस्क् पर्यंत लिहिलं
आणि थांबला.
पायमोडका क तसाच लंगडत उभा.
ओ, की आ?

बुलावान म्हणे,
या पोरांची आईही मीच, बापही मीच,
तुझ्या वहीत मावेल ते लिही.

शाईचा डाग पडला. डागावरच त्यानं ओ काढला.
केस कापले त्याच दुपारी.
कंगव्याचं काय झालं, त्याची नोंद नाही.
पुढची पानं वाळवीनं खाल्ली.

आज त्याच गावात, नोंदणी कचेरीच्या खिडकीशी
मासळीवाली नेनिता आणि तिचं लेकरू.
सतरा वर्षांचं. कानात शिंपले, अंगात मामाचा सदरा.
रोलांदो मधला ओ गाळून द्या, म्हणतंय.
(लेकरू आहे तोवर बरं,
आमच्याकडेही ते पुसत नाही कुणी.
मिसरूड फुटलं, पदर आला,
की 'ते' काढून घेतात.)

"सुसमारोसेप!" नेनिता छातीवर क्रूस रेखते,
"आपल्यात असलं कधी नव्हतं हो."
कारकून मान डोलावतो. त्याच्यामागे पंखा, रकाने,
भिंतीवर कुणीतरी संत.

तास जातो. टोपलीतला बर्फ वितळून
तिच्या पायाशी ओघळ येतो.
मग तीच खिडकीवर बोटं वाजवते,
आजीच्या आजीच्या बोलीत, वैतागून:
आटपा लवकर,
सिया उपाशी आहे सकाळपासून.