शोधा आणि बदला

वाचनालयाच्या स्मरणिकेला लेख हवा होता,
शब्द नऊशे, विषय 'आमचं तासगाव',
आणि माझ्याकडे होता
कोल्ड स्टोअरेजच्या ऑफिसातला जुना लॅपटॉप,
ज्याचं 'ळ' उमटायला बोट रोवावं लागतं.

पहिला मसुदा तेराशेवर गेला.
सौदे लिहिले, सवाल लिहिले, पेढ्या लिहिल्या,
मार्चात सावळजच्या वाटेवर
हिरव्या जाळीच्या शेडमधून सुटणारा
तो आंबूस गोड वास लिहिला.
'सावळज'खाली लाल रेघ आली,
'डिपिंग'खाली आली,
'व्यापारी'खाली नाही आली.
व्यापारी तेवढा सगळ्यांच्या ओळखीचा.

एका खिडकीत शब्द मोजून मिळतात.
'अतिशय' चौदा वेळा.
मी रोज काट्यावर बसते,
पंधरा किलोच्या पेटीत शंभर ग्रॅम इकडं-तिकडं झाले
तर मला न बघता कळतं,
आणि इथं माझ्याच पेटीत
चौदा खडे.
बारा काढले. लेख हलका झाला,
खोटा मात्र तेवढाच राहिला,
कुठं ते सापडेना.

मग वाचून दाखवणारं बटण दाबलं.
यंत्रातली बाई सुरू झाली,
एका सुरात, स्वल्पविरामाला नेमानं दम घेत :
"द्राक्षनगरीची ती सोनेरी पहाट..."
दुसऱ्याच्या तोंडून आलं की कळतं
आपण काय बोलून बसलोय.
पहाट खोडली.
आतल्या खोलीतून आई म्हणाली,
"कोण गं ती बाई? पुण्याची दिसतीया.
तिला काय ठावं आपल्या शेडचं?"

तेव्हा सहज म्हणून
शोधाच्या चौकोनात टाकलं : आई.
एक जागा सापडली.
बरं वाटलं.
जाऊन बघते तर पिवळी खूण
'आईस्क्रीम'वर.
'इथला बेदाणा परगावी आईस्क्रीमवर पेरतात.'
नऊशे चौसष्ट शब्दांत
तेवढीच आई.

बावीस हंगाम तिनं काड्या काढल्या,
मांडी घालून, पिवळा वेगळा, काळा वेगळा,
फुटका आणखी वेगळा,
डोळ्यांत गंधकाची धुरी.
माझ्या टायपिंगची फी तिनं
दुधाच्या पिशवीत गुंडाळून आणली होती.
नोटा एकमेकींना चिकटलेल्या.
सर मोजताना मधे मधे
रुमालाला बोटं पुसत होते.

हे बोटांनी लिहवेना.
माइकची खूण दाबली आणि सांगत गेले.
यंत्रानं ऐकलं, आणि लिहिलं :
'आई दिवसभर वेदना निवडायची.'

मी थांबले.
वाक्य देखणं होतं.
वाचनालयाच्या हॉलमध्ये
हमखास टाळी पडली असती, अध्यक्षांनी
भाषणात पुन्हा म्हणून दाखवलं असतं.
कर्सर लुकलुकत राहिला,
ठेवू का, ठेवू का.

लॅपटॉप उचलून आत गेले, तिला वाचून दाखवलं.
ती उठून बसली.
"खुळी का काय तू? बेदाणा लिही.
किलोमागं दीड रुपाया मिळायचा, त्योबी लिही.
आन् कोंडाबाईचं नाव घाल की.
तिचा हात माझ्यापरीस चलाख.
माझं काय एवढं."

'वेदना' शोधली, 'बेदाणा' केला.
एक बदल झाला, असं यंत्रानं कळवलं.
दीड रुपया घातला.
कोंडाबाई लिहिलं आणि
तिच्याखाली लाल रेघ आली.
ती अजून तशीच आहे.
आडनाव आईला आठवत नाही,
उद्या कोणाला तरी विचारायचंय.